मिस आयसीच्या छपरावरची धूळ

आमच्या बेटावरच्या सीडर पेन वाडीत मिस आयसीइतकी स्वच्छ बाई दुसरी नाही, आणि तिच्याइतका डोक्याला ताप देणारीही नाही. माझ्या दुकानात आली की मीठ मागायच्या आधी फळीवरून बोट फिरवणार, बोटाकडे बघणार, मग माझ्याकडे बघणार.

"पर्लिन, तुझ्या या डब्यांवर रताळी लावलीस तर उगवतील गं."

"लाव की. अर्धं पीक मला दे."

मग ती ॲप्रनच्या टोकाने माझा एकेक डबा पुसत बसायची आणि मागे गिऱ्हाईक खोळंबायचं. तिला बसवतच नाही. पायाला भिंगरी आणि हाताला फडकं, अशी ती जन्मापासूनच असावी.

आयसिल्डा पिनॉक हे तिचं पूर्ण नाव. लग्न झालेल्या बाईलाही आमच्याकडे मानाने मिसच म्हणतात. तरुणपणी ती कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यांत लादी चमकवायला जायची. गुडघ्यावर बसून, नारळाच्या सोडणाचा ब्रश घेऊन, लादीत तोंड दिसेपर्यंत. बंगले टेकडीच्या पलीकडे होते, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. आम्ही खालच्या अंगाला. डोंगरातली लाल माती खणायची, कॉस्टिक सोड्यात उकळायची, तिची पांढरी भुकटी करायची आणि जहाजात भरून पाठवायची, एवढा हा कारखाना. बाहेर त्याचं ॲल्युमिनियम होतं म्हणतात. आमच्याकडे त्याची धूळ होते. सकाळी उठावं तर छपराचे पत्रे, केळीची पानं, दोरीवरचे कपडे, सगळ्यावर पिठासारखा थर. पाऊस आला की तोच थर पन्हळीतून थेट टाकीत. आणि नळ नसल्यामुळे टाकीतलं तेच पाणी आमच्या चहाला, तेच डाळ-भाताला, तेच तोंड धुवायला.

तिचा नवरा रूपर्ट, आम्ही मानाने मास रूपर्ट म्हणायचो, कारखान्यात भट्टीवर होता. छातीनेच गेला बिचारा. कारखान्याने गेला असं कुणी म्हणालं नाही, कारण शवपेटीचा खर्च कारखान्याने दिला होता आणि फुलांचं चक्रही सगळ्यात मोठं त्यांचंच होतं.

आता मला कुणी विचारेल, मग तुम्ही गप्प का बसलात? विचारणाऱ्याने आमच्याकडे कारखाना बंद पडला होता तेव्हा यायला हवं होतं. परदेशात भाव पडला आणि मालक कुलूप लावून निघून गेले. काय सुंदर हवा होती त्या दिवसांत! पांढरे कपडे पांढरेच राहायचे. आणि दुकानात काळं कुत्रंही फिरकायचं नाही. पोरं शहरात गेली, शाळेची एक बाई कमी झाली, चर्चच्या थाळीत खुर्दा पडेना. तेव्हा समुद्रापलीकडचे दुसरे मालक पैसे घेऊन आले, चिमणीतून पुन्हा धूर निघाला, आणि आम्ही चर्चमध्ये उभं राहून देवाचे आभार मानले. मीही मानले. खोकत खोकत मानले.

मिस आयसीचा मुलगा ग्लेनफोर्ड त्याच कारखान्यात लागला. कायम नोकरीत नाही, मुकादमाच्या हाताखाली. मोठ्या टाक्यांत उतरून सोड्याची खपली फोडायची. मुकादम फोन करेल तेव्हा काम, नाहीतर घरी. त्या पैशात आयसीचं, त्याचं स्वतःचं आणि तियोनाचं भागायचं. तियोना म्हणजे आयसीची नात, तिच्या लेकीची, मार्व्हाची मुलगी. मार्व्हा टोरांटोत म्हाताऱ्यांची सेवा करते. पोर तान्ही असताना आजीकडे ठेवून गेली ती गेलीच. वर्षाला एक पिंप पाठवायची, तेल, साबण, बूट, खाऊ भरून. आणि दर रविवारी फोन.

या पोरीवर आयसीचा जीव होता. बोलून दाखवायची नाही, पण वेणी घालायची ती इतकी घट्ट की पोरीच्या भुवया वर चढायच्या. आणि नेमकी त्या पोरीची छाती धरायला लागली. खेळून आली की शिट्टी वाजल्यासारखा श्वास. एका रविवारी फोनवर मार्व्हाने तो ऐकला.

"आई, हे किती दिवस चाललंय?"

"सर्दी आहे गं. इथे सगळ्यांनाच असते."

"तेच म्हणते मी. सगळ्यांनाच असते. हे बघ, त्या कारखान्याचं आणि पाण्याचं काहीतरी करून घ्या तुम्ही, नाहीतर मी तिला तिच्या आत्याकडे समुद्रकाठी पाठवणार."

आत्या म्हणजे पोरीच्या बापाची बहीण. तिथे पोर गेली की आयसीला नाताळाला दिसणार, तीही आत्याची मर्जी असली तर. आयसी फोन ठेवून सरळ माझ्याकडे आली आणि माझे काचेचे दरवाजे पुसायला लागली.

तेवढ्यात कारखान्याचं नवीनच निघालं. मालक अजून पैसा ओतणार, कारखाना दुप्पट करणार, नोकऱ्याही दुप्पट. पण सरकारने अट घातली: आधी आजूबाजूची धूळ आणि पाणी तपासा. दोष निघाला तर कारखान्याने वरच्या वाडीपर्यंत नळ आणायचा आणि भुकटी वाहून नेणारे उघडे पट्टे झाकायचे. देव पावला म्हटलं! शाळेत सभा झाली आणि सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं, नमुने मिस आयसीच्या अंगणातून घ्यायचे. तिचं घर कुंपणाला सर्वांत जवळ. गुरुवारी राजधानीहून सरकारी बाई येणार होत्या.

इथे आमची गाडी घसरली.

आमच्याकडे माणसं येणार म्हटलं की काय करतात? नाताळाला करतात तेच. झाडांच्या बुंध्यांना चुना, वाटेच्या दगडांना चुना, पडदे धुवायचे, लादी चमकवायची. घाणेरड्या घरात पाहुणा आला तर आई मेल्यावरसुद्धा तिचं नाव खराब होतं असं आम्ही मानतो. आणि आयसीकडे तर राजधानीची माणसं! सोमवारपासून बाईने कंबर कसली. ग्लेनफोर्डला शिडी धरायला लावली आणि या वयात स्वतः छपरावर चढली. पत्रे घासले. पन्हळी खरवडल्या. टाकी रिकामी करून आत उतरली, ब्लीचने भिंती धुतल्या. ब्लीच माझ्याच दुकानातलं. टाकी कोरडी राहिली तर लाज जाईल म्हणून टँकर मागवून भरून घेतली. चर्चच्या बायका चुना लावायला गेल्या होत्या. आम्ही सगळ्या उभ्या राहून म्हणालो, "वा आयसी, पत्रे कसे लखलखतायत!" एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. अक्कल काय चरायला गेली होती आमची, देव जाणे.

सरकारी बाईंचं नाव मिस बेकफर्ड. तरुण पोरगी, केस घट्ट बांधलेले. पत्र्यावर पांढरं कापड फिरवलं, टाकीतून बाटल्या भरल्या. आयसीने तिला बन आणि चीज दिलं, लाल अंबाडीचं सरबत दिलं. जाताना ती म्हणाली, "मिस पिनॉक, इतकं स्वच्छ अंगण मी अख्ख्या जिल्ह्यात पाहिलं नाही." त्या दिवशी आयसीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

निकाल शाळेतच वाचला. पाणी पिण्यायोग्य. धूळ नगण्य.

एकच गिल्ला झाला. "पैसे चारले! कापड बदललं!" मिस बेकफर्ड बिचारी लाल झाली. कारखान्याचा माणूस मागे पाय लांबवून बसला होता. आणि आयसी उठून उभी राहिली.

"बाईला बोलू नका," ती म्हणाली. "ते पाणी टँकरचं होतं. पत्रे मी घासले होते. माणसं येणार होती ना."

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. कारखान्याचा माणूस तेवढा बोलला, "प्रत्येकाने घर असंच ठेवलं तर तक्रारीच राहणार नाहीत," आणि टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या आठवड्यात त्यांनी तिला आदर्श अंगणाचं बक्षीस दिलं, रिबिनीसकट, फोटोसकट. जखमेवर मीठ चोळायचं तर असं, नीट मोजून मापून.

मिस बेकफर्ड मात्र मनाची चांगली. जाताना आयसीला बाजूला घेऊन म्हणाली, "उन्हाळा संपताना मी पुन्हा तपासणीची मागणी करते. पण तोवर हात लावायचा नाही. पत्रे नाहीत, टाकी नाही, खिडक्या नाहीत, अंगणसुद्धा नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं," आयसी म्हणाली.

मी मनात म्हटलं, घोडामैदान जवळच आहे.

पण बाईने करून दाखवलं. आणि ते बघणं म्हणजे शिक्षा होती हो. पहिल्या आठवड्यात खिडकीच्या काचेवर थर बसला. दुसऱ्यात अंगणात पावलं उमटायला लागली. आयसी व्हरांड्यात हात मांडीखाली दाबून बसायची, उठायची, फाटकापर्यंत जायची, परत यायची. तिचे हात नुसते शिवशिवत. सहन झालं नाही की माझ्याकडे येऊन माझं दुकान धुवायची. माझ्या मांजरालासुद्धा धुतलं तिने, शप्पथ. चर्चमध्ये बायका कुजबुजायच्या, "आयसीचं डोकं फिरलं वाटतं, घर बघितलंस का?" आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. जिने जन्मभर नाकावर माशी बसू दिली नाही, ती धुळीच्या घरातून निघून चर्चच्या पहिल्या बाकावर ताठ बसायची.

पोरीला पिण्यासाठी ती माझ्याकडून बाटलीचं पाणी न्यायची. पण धूळ थोडीच बाटलीत घालून ठेवता येते? तियोना धुळीत बोटाने चित्रं काढायची, खोकायची, पुन्हा काढायची.

मी एकदा म्हटलं, "अगं, तेवढी पोरीची खोली तरी पुसून घे."

"तिथली खिडकी बघायला आल्या तर?" आयसी म्हणाली. "एकदा हसं झालं, पर्लिन. पुन्हा नाही. नळ आला की ही पोर इथेच राहणार. थोडे दिवस कळ काढायची, बस्स."

मिस बेकफर्डचा फोन आला की पुढच्या सोमवारी येते, आणि त्याच आठवड्यात कारखान्याचा ट्रक आयसीच्या फाटकाशी उभा राहिला. वर नवे कोरे पत्रे. आदर्श अंगणाच्या बाईला कारखान्यातर्फे छप्पर भेट! जुने पत्रे सोड्याने चाळणी झाले होते, पाऊस आला की ती घरभर भांडी मांडायची. नव्या छपरासाठी तिने मास रूपर्टच्या वेळेपासून अर्ज केले होते. आणि ट्रकमधून उतरला कोण? ग्लेनफोर्ड. सोबत आणखी दोन गडी. मुकादमाने मुद्दाम त्यालाच पाठवला होता.

गडबड ऐकून मी दुकान तसंच टाकून गेले.

"पत्रे खाली उतरवायचे नाहीत," आयसी सांगत होती.

"आई, फुकट आहेत! तूच रडायचीस ना छप्पर गळतं म्हणून?"

"सोमवारनंतर आण."

"सोमवारनंतर नाही देणार ते. तुला कळतंय ना?"

"मला कळतंय. तुलाही कळतंय. तेव्हाही कळत होतं तुला. शिडी तूच धरली होतीस, ग्लेन. मी येडी, मला वाटलं पाहुणे येणार. तुला ठाऊक होतं मी काय धुतेय ते."

ग्लेनफोर्डने मान खाली घातली. मोठा दांडगा पुरुष, पण त्या वेळी शाळेतल्या पोरासारखा दिसला.

"हो, ठाऊक होतं," तो म्हणाला. "तपासणीत दोष निघाला तर कारखाना दुप्पट व्हायचं अडतं. मला कायम करणार होते, आई. मी काय करू? तुम्हाला धूळ नको, पण आठवड्याचा पगार हवा. मला दोन्ही तोंडांनी कसं बोलता येईल?"

आणि तो पगार शुक्रवारी माझ्याच गल्ल्यात यायचा.

आतून तियोनाचा खोकला ऐकू आला. थांबता थांबेना. ग्लेनफोर्ड जरा वेळ ऐकत राहिला. मग गड्यांना म्हणाला, "चला रे, गाडी फिरवा." एक गडी म्हणाला, "मुकादम काय म्हणेल?" तर म्हणाला, "म्हणेल ते म्हणेल. माझं घर आहे, छप्पर कधी घालायचं ते माझी आई ठरवेल."

मुकादमाने त्याला पुन्हा फोन केला नाही.

सोमवारी मिस बेकफर्ड आली. कापड फिरवलं तर कापड दिसेना. पन्हळीत बोटभर चिखल. टाकीच्या तळाशी पांढरा गाळ, आणि पाणी बोटांना बुळबुळीत लागत होतं. या वेळी ती सरबत न पिताच उठली. निकाल तिने शाळेत वाचला. पाण्यात सोडा, धुळीत सोडा, मर्यादेच्या कितीतरी वर. हे पाणी पिऊ नये, या हवेत लहान मुलांना ठेवू नये, कारखान्याने नळ आणावा, पट्टे झाकावेत, त्याशिवाय विस्ताराला परवानगी नाही. शाळेत टाळ्यांचा नुसता कडकडाट. शेजारच्या मास लेस्टरने आयसीला उचलून घेतलं. कुणी गाणं धरलं. आयसीला मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं, आणि ते आनंदाचं होतं.

रविवारी मार्व्हाचा फोन आला तेव्हा मी तिच्याकडेच होते. बातमी रेडिओवर सांगितली होती, कुणीतरी टोरांटोला पोचवलीही होती. आयसीने कौतुकाने फोनचा आवाज मोठा केला, मला ऐकू यावं म्हणून.

"मार्व्हा, जिंकलो गं! नळ येतोय. आता पोरीची काळजी—"

"आई, हे खरं आहे का की तू धूळ मुद्दाम ठेवली होतीस?"

"मग! फडकं हातात घेतलं नाही मी. विचार पर्लिनला."

"आणि माझी पोर त्यात झोपत होती?"

आयसी फोनचा आवाज कमी करायचं बटण शोधायला लागली.

"सरकारला दाखवण्यासाठी तू माझ्या मुलीला त्या धुळीत ठेवलंस? तिची छाती तुला माहीत असताना? आई, तू?"

"तिला इथे राहता यावं म्हणून गं. तिच्यासाठीच केलं मी."

"शनिवारी आत्या येईल. कपडे भरून ठेव."

मी फोन घेऊन मार्व्हाला म्हणणार होते, अगं, तुझ्या आईने काय सोसलंय तुला कल्पना नाही. पण शेजारच्या खोलीत पोर खोकत होती.

शनिवारी आत्या आली. तियोनाला नवे बूट होते, तिला मजा वाटत होती. "आजी, समुद्र आहे तिथे!" म्हणाली. आयसीने वेणी घातली, या वेळी सैल. गाडी गेल्यावर ती मला म्हणाली, "पर्लिन, पहिल्या निकालाला गप्प बसले असते तर पोर घरात असती ना? धुतलेल्या घरात?"

मी म्हटलं, "खोकत असती."

"पण घरात," ती म्हणाली.

नळ यायला दीड पावसाळा गेला, पण आला. ग्लेनफोर्ड तोवर परदेशात सफरचंदं तोडायच्या कामावर गेला होता. समुद्रकाठी पोरीची शिट्टी थांबली, असं आत्या सांगते, आणि मला वाटतं खरंच सांगते. नळाच्या दिवशी कारखान्याचे साहेब आले, मिस बेकफर्ड आली, बँड आला. पहिला नळ आयसीच्या अंगणात. साहेबांनी तिला हात धरून पुढे आणलं, "मिस पिनॉक, मान तुमचा." सगळी वाडी टाळ्या वाजवत होती. तिने नळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पर्लिनला सोडू द्या. मला आत काम आहे."

नळ मी सोडला. पाणी स्वच्छ होतं, गोड होतं, लोक ओंजळी भरभरून प्याले. खिडकीतून मला ती दिसत होती. पोरीच्या पलंगावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. आत तिला काहीच काम नव्हतं.